भोकं पाडणाऱ्या मशीनचं सीमोल्लंघन

माझी बायको वारल्यानंतर काही महिन्यांनी तिने एका ठरावाला मान्यता दिली.

वसुधाचा फोन मी अजून बंद केलेला नाही. रोज सकाळी तो चार्जिंगला लावतो, आलेले निरोप वाचतो आणि तसाच ठेवून देतो. बँका तिला अजून कर्ज देऊ करतात, साडीवाले सवलत देतात. ती गेल्याची खबर त्यांना कुणी दिलेली नाही आणि मीही देणार नाही. याच फोनवर तिच्या माहेरच्या, म्हणजे मुळशीतल्या भरे गावच्या आसपासच्या, छोट्या कारखानदारांचा एक ग्रुप आहे. नाव 'चौघांचं मशीन'. भाद्रपद सरता सरता त्यावर निरोप आला, 'मशीन विकून टाकू या का? मान्य असेल त्यांनी अंगठा दाखवा.' मी चष्मा न लावता वाचत होतो. निरोप पुढे सरकवायला गेलो, बोट जरा जास्त वेळ टेकलं आणि अंगठा गेला.

मग माझ्या फोनवर मेहुण्याचा, बाळूचा, फोन आला.

“दाजी, ताईचा अंगठा आलाय.”

“कुठे?”

“ग्रुपवर. मशीन इका म्हंतीया. भागीतल्या नानानं तर हात जोडलं आन् फोन देवाफुडं ठिवलाय.”

तो अंगठा माझा होता आणि तोही चुकून गेला, असं मी सांगितलं.

“त्ये आमाला कळतंय वो. पर नाना म्हंतोय, आला तो ताईच्या नंबरावरनं आला. आता तुमीच या हिकडं आन् काय त्ये मिटवा.”

म्हणून मी मुळशीला गेलो. मुळशी म्हणजे धरण, भजी आणि सुट्टीच्या दिवशी धबधब्याखाली उभी राहणारी पुण्याची माणसं, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. धबधबा यात सापडणार नाही.

आधी मशीनबद्दल. आम्ही वाईला राहतो. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता घरी असतो. वसुधा घरामागच्या शेडमध्ये हलवायांचे झारे करायची. बुंदी पाडायचे, तळायचे, लांब दांड्याचे. तिच्याकडे तीन बायका काम करतात, त्यांतल्या सुमनबाई सगळ्यांत जुन्या. पत्र्याला भोकं पाडायचा प्रेस म्हातारा झाला, तेव्हा वसुधाने माहेरच्या तिघांबरोबर भागीत एक वापरलेलं पंचिंग मशीन घेतलं. बाळू भातगिरण्यांच्या चाळण्या करतो, चांदे गावचे नाना कारखान्यांतल्या पंख्यांवरच्या जाळ्या करतात, भूगावचा अमोल फळं वाळवायचे ट्रे करतो. माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, पण भोकं चौघांनाही लागतात. सरकारी भाषेत याला प्रादेशिक आर्थिक सहकार्य म्हणतात. वसुधा म्हणायची, “आमची भोकं सामायिक आहेत.”

तिकडे मुळशीत भोकं पाडून झाऱ्याच्या चकत्या वाईला यायच्या आणि इथे बायकांनी त्यांना दांडे बसवायचे, असं ठरलं होतं. मात्र घेतल्यापासून त्या मशीनने एकही भोक पाडलेलं नव्हतं. का, ते वसुधाने मला कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की “चाललंय त्यांचं काहीतरी” म्हणायची आणि पोळी उलटायची. ती गेल्यापासून सुमनबाई रोज सकाळी दारात उभ्या राहून विचारतात, “सर, मशीनचं काय?” जुना प्रेस आता चालतो कमी आणि थांबतो जास्त. चकत्या आल्या नाहीत तर शेड बंद होणार हे उघड होतं. ती चालावी असं मला फारसं वाटतही नव्हतं. ठकठक ऐकू यायची आणि वसुधाची हाक ऐकू यायची नाही, अशा वेळी चहा गिळवत नसे. अंगठा चुकून गेला होता, पण गेला ते चुकलं असं काही माझ्या तोंडून निघेना. तेव्हा बेत असा की भऱ्याला जायचं, मशीन विकायला हो म्हणायचं, परत येऊन शेडला कुलूप लावायचं आणि पुस्तकं वाचत म्हातारं व्हायचं.

भूगाव

चांदणी चौकात आता इतके पूल झाले आहेत की चांदणीही दिसत नाही आणि चौकही. रिक्षावाला मला घेऊन एका पुलावर चढला आणि थोड्या वेळाने त्याच पुलाखालून बाहेर पडला. त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही ते नवीन दिसत होतं.

भूगावात इमारतींना ज्या डोंगरांची आणि तळ्यांची नावं दिलेली आहेत, ते डोंगर आणि ती तळी युरोपात आहेत. समोरचा डोंगर मात्र आपला निनावी उभा आहे, जेवढा उरलाय तेवढा. अशाच एका परदेशी तळ्याच्या चौथ्या मजल्यावर अमोल राहतो. तो लातूरचा. कॉम्प्युटरची नोकरी सोडून ट्रे करायला लागला, पण घरचे अजून नातेवाइकांना 'पोरगा पुण्याला कंपनीत आहे' असंच सांगतात. कंपनी त्याचीच असल्यामुळे हे खोटं नाही.

“सर, आलात ते बरं झालं,” तो म्हणाला. “आज इथं लघुउद्योजकांचा मेळावा आहे. नेटवर्किंग होईल, जेवण पण आहे.”

मेळावा एका लग्नाच्या लॉनवर होता. विषय 'प्रादेशिक सहकार्यातून लघुउद्योगांना बळ'. मागच्या हंगामातल्या शेवटच्या लग्नाची सजावट उतरवायची राहिली असावी, कारण फलकाच्या वर 'शुभविवाह'मधला 'शुभ' तसाच होता आणि प्रमुख पाहुणे नवरानवरीच्या लाल गादीच्या सिंहासनावर बसले होते. शेजारच्या, नवरीच्या सिंहासनावर एक सल्लागार होते. त्यांनी पडद्यावर एकमेकांत गुंतलेली वर्तुळं दाखवली. एक वर्तुळ म्हणजे उत्पादन, एक म्हणजे बाजारपेठ, आणि मधोमध सगळी जिथे एकमेकांवर येतात तिथे सोनेरी रंग. “खरी ताकद या मध्यात आहे,” ते म्हणाले. अमोलने मान खाली घातली. तेव्हा मला कारण कळलं नाही.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तर मागच्या रांगेतले एक फेटेवाले उठले. “सायेब, त्ये समदं ब्येस हाय. शेडवर लाईट कवा येनार?”

“उत्तम प्रश्न,” सल्लागार म्हणाले. “हा आपण नंतर वेगळा बसून घेऊ.” आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

जेवणात पुलाव, मठ्ठा आणि गरम बुंदी होती. ताट घेऊन मी मंडपामागे गेलो, कारण पुढे सगळे एकमेकांना कार्डं देत होते आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. मागे एक राजस्थानी आचारी कढईवर झारा धरून बुंदी पाडत होता. दांड्याच्या टोकाला छोटा 'व' ठोकलेला होता. वसुधा प्रत्येक झाऱ्यावर तो ठोकायची.

मी बघत राहिलो तसं त्याने विचारलं, “क्या हुआ साहब, और चाहिए?”

“झारा अच्छा है,” मी म्हणालो. माझं हिंदी तिथेच संपतं.

“ये तो असली है. एक ही बचा है. दुकानवाला बोलता है, बनानेवाली बाई ने बंद कर दिया.” त्याने झारा कढईच्या काठावर आपटला. “बंद नहीं करना चाहिए था.”

तिने बंद केलं नाही, हे मला हिंदीत सांगता येईना.

भऱ्याला जाताना गाडीत अमोल म्हणाला, “सर, सेंटिमेंट बाजूला ठेवलं तर विकणं हाच प्रॅक्टिकल ऑप्शन आहे. दसरा झाला की डीलरचा माणूस येतोय.”

“पण ते चालत का नाही?”

“लोकेशनचा इश्यू आहे.”

“म्हणजे काय?”

“उद्या बघताल की तुम्ही,” तो म्हणाला आणि पिरंगुटपर्यंत रस्त्यातल्या खड्ड्यांकडे गरजेपेक्षा जास्त लक्ष देऊन गाडी चालवत राहिला.

भरे

भऱ्यात एका बाजूला भात उभा असतो आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडी. भाताला लोंब्या आल्या होत्या. आंबेमोहोराचा वास संध्याकाळी सगळ्या गावात फिरतो, आणि त्यात मधूनमधून कारखान्यातल्या गरम रंगाचा वास मिसळतो. बाळूने रस्त्याकडेच्या जमिनीवर खोल्या काढल्या आहेत. तिथे बिहारपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं भाड्याने राहतात आणि एकाच नळावर चार भाषांत भांडतात. या गावात सहकार्याचा तेवढा एक नमुना रोज सुरळीत चालताना मी पाहिला.

बाळूची बायको शैला हिचे नवरात्राचे उपास होते, म्हणून मलाही भगर आणि शेंगदाण्याची आमटी मिळाली. तिने एकदाही “तुम्हाला उपास आहे का?” असं विचारलं नाही. वाईला दु:खाच्या घरी येणारे लोक शेवटचे दिवस तपशिलाने विचारतात. कुठला डॉक्टर, कधी कळलं, काय म्हणाली होती. इथे कुणी काही विचारत नाही. ताटात जास्त वाढतात आणि तुमच्याकडे न बघता उभे राहतात. मला हे बरं वाटलं, पण मशीनच्या बाबतीत तोच प्रकार झाल्यावर अवघड वाटू लागलं.

“ते मशीन तुम्ही नक्की कुठे ठेवलंय?” मी बाळूला विचारलं.

“मधी.”

“कशाच्या मध्ये?”

“तिन्ही गावांच्या. ठराव झालता.”

“मांडला कुणी?”

“सगळ्यांनीच मांडला,” बाळू म्हणाला आणि गोठ्यात काहीतरी आवाज झाला म्हणून निघून गेला. गोठ्यात म्हैस नव्हती, त्याची मोटरसायकल होती.

एवढ्यात नाना आले. नाना चांद्याचे, वयाने बाळूपेक्षा मोठे, आणि बाळूचं त्यांच्याशी उभ्या जन्मात पटलेलं नाही. दोघांत भांडण असं नाही, पण एकाने शेडला निळा रंग दिला तर दुसरा हिरवा देतो. मला बघताच नानांनी टोपी काढली.

“दाजी, ताईंनी कौल दिला बघा. आता इकून मोकळं व्हायचं.”

“नाना, तो माझा अंगठा होता.”

“आसंल. पर त्यो तुमच्या हातून कुनी लावून घेतला, ह्यो इचार केलासा का?”

मी ग्रंथपाल होतो. आमच्याकडे कुणीही काहीही छापून आणलं तरी आम्ही ते क्रमांक घालून ठेवून देतो.

“विकण्यापेक्षा तुमच्यापैकी कुणाच्या तरी शेडमध्ये हलवा की,” मी म्हणालो. नाना आणि बाळू, जन्मात पहिल्यांदा, एकदम बोलले, “न्हाई!”

शैला आमटी वाढत होती. ती म्हणाली, “दाजी, तुमी जेवा. तुमी कशाला पडताय ह्यात? आदुगरच न मागता जेवनारं जावई तुमी.”

सगळे हसले. मलाही हसावं लागलं, कारण या गावात माझी ओळख तीच आहे. या भागात लग्नाच्या पंगतीत नवरदेव रुसतो. ताट समोर आलं की हात मागे घेतो आणि सासरा घड्याळ, सायकल, गाय, काहीतरी कबूल करेपर्यंत शिवत नाही. रुसवा काढताना गाव जमतं, थट्टा होते, घासाघीस होते. खरं जेवण तेच. माझ्या लग्नात सासऱ्यांनी घड्याळ खिशात घालून ठेवलं होतं, बायका गाणी म्हणायला उभ्या होत्या, आणि मला भूक लागली होती. मी सरळ जेवायला सुरुवात केली. जिलेबी दोनदा घेतली. गाव हिरमुसलं. तेव्हापासून भऱ्यात कुणी फार साधेपणाने वागलं की म्हणतात, 'ह्यो बघा वसुधीचा नवरा.'

वसुधाने मला एकदाच त्याबद्दल विचारलं होतं, लग्नानंतर लगेच. “मागायचं होतंस की काहीतरी.” मी म्हणालो, मला काही नको होतं. ती म्हणाली, “अरे, न मागितलं की नकोच असल्यासारखं दिसतं.” घड्याळाबद्दल बोलत होती असं मी समजलो.

मधोमध

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरोघर हत्यारांची पूजा. बाळूने हातोड्या, पक्कड, ड्रिल मशीन आणि मोटरसायकल धुऊन ओळीने मांडली, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. भाडेकऱ्यांपैकी एकाने आपला लॅपटॉप आणून ठेवला, त्यालाही लावलं. मग आम्ही सगळे मशीनच्या पूजेला निघालो. शैला, बाळू, मागून नाना, आणि भूगावहून येऊन मिळालेला अमोल.

पिरंगुटहून आत, डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या बांधावरून चालत गेल्यावर बंद पडलेल्या दूध संकलन केंद्राची एक खोली लागते. शेजारी घर नाही, दुकान नाही, रस्ताही खोलीच्या अलीकडे कंटाळून थांबतो. कुलूप उघडलं. आत मशीन. निळं, धिप्पाड, आणि इतक्या वर्षांच्या झेंडूच्या वाळक्या माळांनी मढलेलं. समोर उदबत्तीचं घर, नारळाच्या शेंड्या. भिंतीवर एक पिवळा दिवा लागलेला. पालीने त्याच्याभोवती संसार मांडला होता.

“हे इथे का?” मी विचारलं. आता कुणालाच गोठ्यात जाता येत नव्हतं.

अमोलने फोन काढून नकाशा दाखवला. “सर, भरे, चांदे, भूगाव. तिन्हीपासून सारखं अंतर. टेक्निकली एकदम बरोबर होतं. म्हणजे एक्झॅक्ट मध्य डोंगरावर पडत होता, तिथून आम्ही खाली उतरलो.”

“मग चालवत का नाही?”

“मशीन थ्री फेजवर चालतंय. इथं सिंगल फेज आहे. थ्री फेज आणायची तर खांब डोंगराला वळसा घालून आणावे लागतेत.”

मी दिव्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, या तिघा उद्योजकांकडे बघितलं. सोनेरी वर्तुळाचा मध्य तो हाच.

“कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

नाना पूजेचं ताट सारखं करू लागले. बाळू माळ ओवू लागला, तीही आधीच ओवलेली. शेवटी शैला म्हणाली, “काय चोरी हाय का? सांगा की.” आणि माझ्याकडे वळली. “दाजी, राग मानू नगासा. ही जागा ताईंनीच काढली. ह्या दोघांचं भांडान, मशीन तुज्या शेडात का माज्या शेडात. ज्याच्या दारात मशीन, गिऱ्हाईक त्याच्या दारात. ताई आल्या, म्हनल्या, कुनाच्याच नगं, मधी ठिवा. हितं आल्या, दिवा बघितला, म्हनल्या, लाईट हाय की! आन् नारळ फोडून दोघांकडनं शब्द घेतला, कुनाच्या शेडात न्यायचं न्हाई म्हनून.”

“तुम्ही कुणी सांगितलं नाही तिला? की दिव्यावर मशीन चालत नाही?”

“ताईला?” बाळू म्हणाला. “तुमी सांगत हुता का कदी?”

“आन् आता तर मानूसच ऱ्हायलं न्हाई,” नाना म्हणाले. “कुनी म्हनायचं, तुमचं चुकलं? इकलं तर शब्द मोडत न्हाई. हलवलं तर मोडतो.”

एवढा वेळ मी गंभीर होतो. मग मला वसुधा दिसली. इथे या दाराशी पदर खोचून उभी, वर दिव्याकडे बोट करून 'लाईट आहे की!' म्हणणारी, आणि समोर तीन कारखानदार माना डोलावताहेत. घरी मी विचारायचो तेव्हा ती पोळी का उलटायची, तेही कळलं. मला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेना. दुधाच्या केंद्रात आवाज घुमतो. नाना घाबरले. मग शैलाही हसायला लागली, मग बाळू, आणि बाळूचं हसता हसता रडणं सुरू झालं. माझं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. ती गेल्यापासून मी पहिल्यांदा रडलो ते असं, एका झेंडू घातलेल्या मशीनसमोर, तिच्या चुकीवर.

पूजा अमोलने केली. त्याच्या घरून विचारलं असतं तर सांगता आलं असतं, पोरगा कंपनीच्या कामात आहे.

दुपारी बाळूच्या पडवीत पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई, आंबेमोहोराचा भात. माझं पान सगळ्यांत वर, पाटाभोवती रांगोळी. शैलाने पोळीवर तूप सोडलं आणि सगळे मी सुरुवात करायची वाट बघत थांबले.

मी हात मागे घेतला.

“दाजी, घ्या,” बाळू म्हणाला.

“नाही.”

“पोळी दुसरी देऊ का?”

“पोळी चांगली आहे. मी जेवणार नाही.”

शैलाच्या हातातली तुपाची वाटी थांबली. तिला सगळ्यांच्या आधी कळलं. “आगं बया,” ती म्हणाली, “दाजी रुसलं!”

मग जे झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण मी मान खाली घालून बसलो होतो. रुसणाऱ्याने वर बघायचं नसतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावल्या. कुणीतरी ओरडलं, “वसुधीचा नवरा रुसला!” भाडेकरू काय झालं म्हणून बाहेर आले आणि त्यांना तीन भाषांत समजावण्यात आलं. नाना पाटावरून उठून माझ्यासमोर उकिडवे बसले.

“बोला दाजी, काय पायजे? मागलं घड्याळ ऱ्हायलंय, त्ये देऊ का?”

“मशीन हवंय.”

“घ्या! वाईला न्या, आमी ट्रक देतो.”

“वाईला नको. तुमच्या शेडमध्ये हवंय, नाना.”

बाळू ताडकन उठला. “नानाच्या? दाजी, तुमी माज्या पंगतीत बसून नानाच्या शेडात?”

“तुझ्या शेडमध्ये मागितलं तर लोक म्हणतील मेहुण्याची बाजू घेतली. नानांकडे थ्री फेज आहे, रस्ता आहे. आणि तुझ्यापेक्षा त्यांच्यावर मी जास्त लक्ष ठेवीन.”

“आन् गिऱ्हाईक? त्ये येनार हिंजवडीकडनं, बघनार नानाचा बोर्ड, झालं!”

“मग चौघांचे बोर्ड लावू नानांच्या दारावर.”

“माज्या दारावर ह्याचा बोर्ड?” आता नाना उठले.

भात निवत होता. भूक तर मला माझ्या लग्नात लागली होती तेवढीच लागली होती. पण हात मी मागेच ठेवला. अमोल मध्ये पडला, त्याने वारांचं काहीतरी सुचवलं, कुणी कधी मशीन चालवायचं ते. मंगळवार वाईचा. बाळूला गुरुवार हवा होता, तो नानांनाही हवा होता. मग वरचा बोर्ड कुणाचा यावर घासाघीस सुरू झाली. गावातले दोघे त्यात पडले, त्यांचं यात काहीच नव्हतं. शेवटी शैलाने डाव आपटला.

“वरचा ताईंचा. त्यांचा कदीच कुटं बोर्ड न्हवता. आन् त्यो तुमी दोघं मिळून लावायचा.”

दोघेही खाली बसले. मग नाना हळूच म्हणाले, “पर शब्द? नारळ फोडून दिल्याला?”

“ताईचा शब्द हाय,” बाळू म्हणाला. त्याने खूप विचार केला. “पर जावयाचा रुसवा शब्दाच्या वर, नाना. आज्याच्या टायमाला पंगत मोडाय नगो म्हनून म्हस दिली हुती की.”

“ती म्हस आमची हुती,” नाना म्हणाले. आणि मग, “बरं. कबूल.”

“कबूल,” बाळू म्हणाला.

मी जेवलो. पोळी गार झाली होती. गरम करून मागितली तर शैला म्हणाली, रुसलेल्या जावयाला गारच मिळतं, तुम्हाला सवय नाही म्हणून माहीत नाही.

चांदे

हत्यारं नवमीला पुजायची, उचलायची दसऱ्याला. सकाळी क्रेन आली. दुधाच्या केंद्राचं दार मशीनपेक्षा अरुंद निघालं. मशीन आत गेल्यावर दार बसवलं होतं, आणि तेही चोरी होऊ नये म्हणून. पुन्हा कुणी 'कुणाच्या डोक्यातून निघालं' असं विचारलं नाही. बाळू आणि नाना दोघांनी मिळून भिंत पाडली, आणि दोघेही दुसऱ्याचा घाव बरोबर बसत नाही असं म्हणत राहिले.

मशीन ट्रॉलीवर चढलं. माळा काढायला कुणी धजेना, म्हणून तसंच निघालं. नांदे गावावरून चांद्याला जाताना आम्ही ऑफिसच्या गाड्यांमध्ये अडकलो. दसऱ्याच्या दिवशीही ज्यांना कामाला जावं लागतं अशी माणसं काचेआडून बघत होती. हॉर्न वाजत होते. एका मोठ्या फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने मशीनला हात जोडले. मागे ट्रॉलीत उभे असलेले नाना त्याला प्रसाद नाही म्हणून ओशाळले आणि खिशातली खडीसाखर त्याच्याकडे फेकली. सीमोल्लंघनाला सोनं लुटतात. आम्ही भोकं पाडायचं यंत्र घेऊन हद्द ओलांडली.

संध्याकाळी नानांच्या शेडमध्ये मशीन लागलं. नानांनी बटणावर माझं बोट ठेवलं. मी म्हणालो, माझ्या बोटाची खोड तुम्हाला माहीत आहे. “म्हनूनच,” नाना म्हणाले. मशीन थरथरलं, माळांमधला एक झेंडू उडाला, आणि पत्र्याची पहिली चकती बाहेर पडली. गोल, गरम, भोकांनी भरलेली. बाळू आणि नाना दोघांनी ती दोन्हीकडून धरून दिव्यासमोर बघितली.

ती चकती मी वाईला आणली. सुमनबाईंनी ती डोळ्यासमोर धरली, अंगठ्याने भोकं चाचपली आणि म्हणाल्या, “सर, भोकं बारीक झाल्यात. ह्यातून मोतीचूर पडंल. बुंदीचा झारा म्हनून कुनी घेनार न्हाई.”

“मग?”

“मग काय. बाई आसत्या तर परत पाठवली आसती.”

शेडमध्ये बाकीच्या दोघी काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. कुलूप माझ्या खिशातच होतं. येताना घेतलेलं, नवं.

“परत पाठवू,” मी म्हणालो.

ते कुलूप आता पुस्तकांच्या कपाटाला लावलं आहे. तिथे काहीच चोरण्यासारखं नाही, पण विकत घेतलं होतं.

परवा सकाळी चहा घेताना वसुधाचा फोन वाजला. 'चौघांचं मशीन'वर बाळूने चौघांच्या बोर्डांचा फोटो टाकला होता. वरच्या बोर्डवर नुसता 'व' आणि त्याखाली रंगवलेला झारा. दांडा जरा वाकडा आला होता, तो कुणी धरून रंगवला यावर खाली नाना आणि बाळूची बरीच बोलाचाली झाली होती. त्याखाली बाळूचा निरोप होता, 'मंगळवार वाईचा. मापं घेऊन कोण येतंय?'

मी चष्मा लावला. बोट टेकवलं आणि मुद्दाम, सावकाश, अंगठा दिला.

उत्तर लगेच आलं.

'दाजी, जेवाय येताय का रुसाय?'